रेडिट सोडून लेमीवर जाताना: आधी काय, नंतर काय

रेडिट या चर्चेच्या वेबसाइटवरून तशाच चर्चांसाठीच्या लेमीवर आलेल्या बऱ्याच जणांचं घोडं पहिल्याच आठवड्यात अडतं. कारणं जवळपास ठरलेली असतात. जुनं अकाउंट रागाच्या भरात आधीच बंद केलेलं असतं. यादीत वर दिसला म्हणून कुठलातरी सर्व्हर पकडलेला असतो. आणि पान रिकामं दिसलं की "इथे कोणीच नाही" असं ठरवून माणूस परत फिरतो. यातली कुठलीच अडचण तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, पण क्रम चुकला की काही गोष्टी कायमच्या हातच्या जातात. जुनं अकाउंट बंद करणं हे या कामातलं शेवटचं पाऊल आहे. ते पहिलं टाकू नका.

सुरुवातीला एकच गोष्ट पक्की लक्षात घ्या, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यातून निघतात. लेमी ही एक वेबसाइट नाही. ते एक सॉफ्टवेअर आहे, आणि ते चालवणारे शेकडो स्वतंत्र सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलने (देवाणघेवाणीच्या सामायिक नियमांनी) एकमेकांशी बोलतात. तुमचं अकाउंट एका सर्व्हरवर असतं. तुम्ही वाचता त्या कम्युनिटी, म्हणजे एकेका विषयाचे चर्चागट, बहुतेक वेळा दुसऱ्या सर्व्हरवर असतात, आणि तुमच्या सर्व्हरकडे त्यांची फक्त प्रत येते. प्रत कधीपासून येते, कशी येते आणि कधी थांबते, हे समजलं की गोंधळ बराच मिटतो.

वेळेचा अंदाज असा: सर्व्हर निवडणं, अकाउंट उघडणं आणि कम्युनिटी जोडणं यांना मिळून दोन-तीन तास लागतात. जुना डेटा मिळायला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात. दोन्ही ठिकाणी समांतर राहण्यासाठी साधारण महिना-दीड महिना धरा.

टप्पा 1: जुना डेटा मागवा

हे काम सर्वांत आधी करा, कारण त्यातली वाट पाहणं तुमच्या हातात नाही. रेडिटच्या डेटा रिक्वेस्टच्या पानावर जाऊन पूर्ण कालावधीचा डेटा मागा. त्याची झिप फाइल येते आणि तिच्यात अनेक सीएसव्ही फाइली (साध्या मजकुरातले तक्ते) असतात: तुमच्या पोस्ट, कमेंट, मतं, सबस्क्राइब केलेल्या कम्युनिटी, सेव्ह केलेल्या गोष्टी.

प्रोफाइलवरून हातानेच सगळं उतरवून घेऊ, असा विचार करू नका. रेडिटवरची कुठलीही यादी साधारण 1000 नोंदींपर्यंतच मागे जाते. त्यापलीकडच्या कमेंट अस्तित्वात असतात, पण प्रोफाइलवर दिसत नाहीत. त्या फक्त या फाइलींत सापडतात.

सेव्ह केलेल्या पोस्टच्या फाइलीत आयडी आणि दुवा एवढंच असतं, मजकूर नसतो. म्हणून उपयोगाच्या सेव्ह केलेल्या पोस्ट एकेक उघडून त्यांचा मजकूर स्वतःकडे साठवा. मूळ लेखकाने पोस्ट काढली की नुसत्या दुव्याचा काही उपयोग राहत नाही.

सावधान: या झिपमध्ये तुमचे खासगी संदेश आणि लॉगिनचे आयपी पत्तेही असतात. ती सामायिक ड्राइव्हवर टाकू नका.

तपासा: कमेंटची फाइल उघडून सर्वांत जुनी तारीख बघा. ती अकाउंट उघडल्याच्या सुमाराची असेल तर डेटा पूर्ण आला आहे.

वाट पाहताना एक छोटी यादी करा. तुम्ही सबस्क्राइब केलेल्या सगळ्या कम्युनिटी लिहू नका. गेल्या महिन्यात जिथे खरंच काही वाचलं किंवा लिहिलं, तेवढ्याच लिहा. शंभरातल्या पंधरा-वीसच उरतात, आणि शोधायच्याही तेवढ्याच.

टप्पा 2: सर्व्हर निवडा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. लोक "सर्व्हर कुठलाही घ्या, काही फरक पडत नाही" असं सांगतात. ते अर्धंच खरं आहे. वाचायला कदाचित फरक पडणार नाही, पण तुमचा पासवर्ड, ईमेल आणि खासगी संदेश ज्यांच्या डेटाबेसमध्ये राहणार आहेत त्या माणसांवर विश्वास असायला हवा. शिवाय कोणत्या सर्व्हरशी बोलायचं आणि कोणाशी संबंध तोडायचे, हे तेच ठरवतात.

जॉईन-लेमी डॉट ऑर्गवर सर्व्हरची यादी मिळते. तिच्यातून तीन-चार निवडा आणि प्रत्येकावर लॉगिन न करता पुढच्या गोष्टी बघा.

पहिली, ब्लॉक केलेल्या सर्व्हरची यादी. प्रत्येक लेमी सर्व्हरच्या तळाशी इन्स्टन्सेस नावाचा दुवा असतो. त्यात जोडलेले आणि ब्लॉक केलेले सर्व्हर वेगवेगळे दाखवतात. तुमच्या यादीतल्या कम्युनिटी ज्या सर्व्हरवर आहेत, तोच ब्लॉक असेल तर तो पर्याय तिथेच बाद. हे काल्पनिक नाही. जून 2023 मध्ये बीहॉ या सर्व्हरने लेमी डॉट वर्ल्ड आणि आणखी एका मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले, कारण तिकडे खुली नोंदणी होती आणि येणारा लोंढा मोजक्या मॉडरेटरना (चर्चांवर देखरेख करणाऱ्यांना) आवरत नव्हता. निर्णय त्यांच्या दृष्टीने योग्यच होता, पण ज्यांनी यादी न बघता अकाउंट उघडलं त्यांना निम्मं जग दिसेनासं झालं.

दुसरी, ॲडमिन किती आहेत. मुख्य पानाच्या बाजूच्या पट्टीत त्यांची नावं असतात. एकच ॲडमिन असेल तर तो आजारी पडला किंवा कंटाळला की सर्व्हरही थांबतो. किमान दोन असावेत, आणि त्यांच्या अलीकडच्या पोस्ट दिसाव्यात.

तिसरी, खर्च कोण देतो. देणग्यांचा हिशेब उघड मांडणारा सर्व्हर नेहमी वरच्या पसंतीचा धरा. चांगला चाललेला सर्व्हरही बंद होऊ शकतो. लेम डॉट ईई हा मोठा सर्व्हर जून 2025 च्या अखेरीस बंद झाला. त्यांनी आधी जाहीर सूचना दिली म्हणून लोकांना आवरायला वेळ मिळाला. सूचना मिळेलच, असं धरून चालू नका.

चौथी, प्रती वेळेवर येतात का. ही परीक्षा फार कमी जण करतात, पण सर्वांत उपयोगी हीच आहे. एखादी गजबजलेली कम्युनिटी तिच्या मूळ सर्व्हरवर उघडा आणि तीच कम्युनिटी तुमच्या संभाव्य सर्व्हरवर दुसऱ्या टॅबमध्ये उघडा. दोन्हीकडे 'न्यू' क्रम लावा. सर्वांत नवी पोस्ट आणि तिच्यावरच्या कमेंटचा आकडा जुळवून बघा. काही मिनिटांचा फरक चालतो. काही तासांचा फरक असेल तर तो सर्व्हर मागे पडतो आहे. दूरच्या खंडांतल्या सर्व्हरना हा त्रास पूर्वी जास्त व्हायचा, कारण एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या नोंदी एकामागोमाग एकच पाठवल्या जात. लेमीच्या 0.19.6 या आवृत्तीपासून त्या समांतर पाठवता येतात. म्हणून पानाच्या तळाशी असलेला आवृत्तीचा आकडाही बघा. फार जुना असेल तर तिथे देखभाल होत नाही, एवढं त्यातून कळतं.

सर्वांत मोठा सर्व्हर घेणं चूक नाही. पण त्याला हल्ले आणि ताण दोन्ही जास्त सोसावे लागतात, आणि तो बंद पडला की तिथल्या कम्युनिटीही थबकतात. मध्यम आकाराचा, निदान वर्षभर टिकलेला सर्व्हर बहुतेकांना पुरतो.

लेमीऐवजी पीफेड किंवा एमबिन या सॉफ्टवेअरवर चालणारा सर्व्हरही घेता येतो. त्यांवरून लेमीच्याच कम्युनिटी वाचता-लिहिता येतात. कसोट्या त्याच राहतात, फक्त खाली सांगितलेली सेटिंगची नावं थोडी बदलतात.

टप्पा 3: अकाउंट उघडा आणि लगेच ही सेटिंग लावा

अनेक सर्व्हर नोंदणी करताना "इथे का यायचं आहे?" असा प्रश्न विचारतात. तो अर्ज माणूस वाचतो. दोन-तीन सरळ वाक्यांत तुमचे विषय लिहा. एका शब्दाचं उत्तर दिलेले अर्ज बॉटचे (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामचे) समजून फेटाळले जातात. मंजुरीला काही तास ते एक-दोन दिवस लागतात आणि तोवर लॉगिन होत नाही. पासवर्ड चुकला असं समजून दुसरं अकाउंट उघडू नका.

ईमेल ऐच्छिक असला तरी द्या. नाही दिला तर मंजुरीची सूचना येत नाही, आणि पासवर्ड विसरलात तर परत मिळवायचा मार्ग राहत नाही.

युजरनेम नंतर बदलता येत नाही. ते रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेषा एवढ्यातच ठेवा. दिसणारं नाव मात्र वेगळं असतं. ते कुठल्याही लिपीत लिहा आणि हवं तेव्हा बदला.

अकाउंट सुरू झालं की सेटिंगमध्ये जाऊन हे करा:

1. भाषा. यादीत तुमच्या भाषा निवडा आणि त्यांच्यासोबत 'अनडिटरमाइन्ड' हा पर्याय निवडलेलाच ठेवा. बहुसंख्य लोक पोस्ट करताना भाषा नोंदवत नाहीत, त्यामुळे त्यांच्या पोस्ट या सदरात जातात. हा पर्याय सुटला की जवळपास सगळं पान गायब होतं. "लेमी ओसाड आहे" या तक्रारीमागे फार वेळा एवढंच असतं. संगणकावर एकाहून जास्त भाषा निवडताना कंट्रोल की दाबून धरावी लागते. ती सुटली की आधीची निवड पुसली जाते.

2. बॉट अकाउंट दाखवायची की नाही. सुरुवातीला बंद ठेवा. आपोआप बातम्या टाकणाऱ्या बॉटमुळे पान भरतं, पण त्यांच्याखाली चर्चा नसते.

3. टू-फॅक्टर लॉगिन, म्हणजे पासवर्डसोबत दर वेळी बदलणारा कोडही मागणारं लॉगिन. सुरू करताना मिळणारी गुप्त की पासवर्ड मॅनेजरमध्ये नोंदवा. एका ब्राउझरमध्ये लॉगिन चालू ठेवून दुसऱ्यात कोड चालतो का ते बघा, मगच पहिल्यातून बाहेर पडा.

तपासा: 'ऑल' आणि 'न्यू' लावून पान उघडा. गेल्या काही मिनिटांतल्या पोस्ट दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर परत भाषेच्या सेटिंगकडे जा.

टप्पा 4: कम्युनिटी शोधा आणि जोडा

सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट ही आहे: दुसऱ्या सर्व्हरचा दुवा थेट उघडला की तुम्ही तिथे पाहुणे असता. वर लॉगिनचं बटण दिसतं आणि सबस्क्राइब होत नाही. तिथे नवं अकाउंट उघडू नका. तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर या, शोधाच्या चौकटीत कम्युनिटीचा पूर्ण पत्ता टाका आणि तिथून जोडा. पत्त्याची रचना अशी असते: सुरुवातीला उद्गारचिन्ह, मग कम्युनिटीचं नाव, मग @, मग तिच्या सर्व्हरचं नाव. पूर्ण वेबपत्ता चिकटवला तरी चालतो.

शोधल्यावर पहिल्यांदा "काही सापडलं नाही" असं आलं तर पाच-दहा सेकंद थांबून पुन्हा शोधा. तुमच्या सर्व्हरवरून त्या कम्युनिटीकडे आजवर कोणीच गेलेलं नसेल, तर त्याला आधी तिची ओळख करून घ्यावी लागते.

विषयानुसार कम्युनिटी शोधायला लेमीव्हर्स डॉट नेट वापरा. तिथे आधी तुमचा सर्व्हर नोंदवला की दुवे तुमच्याच सर्व्हरवर उघडतात. एकाच विषयाच्या तीन-चार कम्युनिटी वेगवेगळ्या सर्व्हरवर दिसतील. त्यातली "खरी" शोधत बसू नका. सगळ्या जोडा, दोन-तीन आठवडे बघा आणि निपचित पडलेल्या काढून टाका. सदस्यांच्या आकड्यावर जाऊ नका. 20,000 सदस्य असूनही महिनाभर पोस्ट नसलेल्या कम्युनिटी आहेत. महिन्यातले सक्रिय सदस्य हा आकडा पाहा.

सावधान: बटणावर 'सबस्क्राइब पेंडिंग' असं बराच वेळ राहिलं तर सबस्क्रिप्शन काढून पुन्हा करा. एक-दोन दिवसांनीही तेच असेल तर तो सर्व्हर बंद पडला आहे किंवा दोघांपैकी एकाने दुसऱ्याला ब्लॉक केलं आहे.

टप्पा 5: पान अजूनही रिकामं वाटत असेल तर

तुमच्या सर्व्हरवरून कम्युनिटी जोडणारे पहिले तुम्हीच असाल, तर जुन्या पोस्टपैकी मोजक्याच येतात आणि त्यांच्यावरच्या कमेंट बहुधा येत नाहीत. प्रती तुम्ही जोडल्या क्षणापासून पुढे सुरू होतात. हा बिघाड नाही. एखादी जुनी चर्चा हवीच असेल तर पोस्टशेजारच्या रंगीत फेडिव्हर्स (अशा जोडलेल्या सर्व्हरचं जाळं) चिन्हावर टिचकी मारून ती मूळ सर्व्हरवर वाचा. तिथल्या एखाद्या कमेंटचा दुवा आपल्या सर्व्हरच्या शोधात टाकला की ती इकडे ओढली जाते आणि तिला उत्तरही देता येतं.

मग क्रमवारी. 'ॲक्टिव्ह' किंवा 'हॉट' लावलं की दोन-चार प्रचंड कम्युनिटीच पान व्यापतात आणि छोट्या विषयांच्या पोस्ट खाली गाडल्या जातात. त्याऐवजी 'सबस्क्राइब्ड' आणि 'स्केल्ड' ही जोडी लावा. 'स्केल्ड' कम्युनिटीचा आकार लक्षात घेऊन छोट्यांना वर येऊ देतं. छंदांसाठी आलेल्यांनी हाच क्रम कायमचा ठेवावा.

राजकारण किंवा मीम नको असतील तर त्या कम्युनिटी एकेक ब्लॉक करा. पहिल्या आठवड्यात वीस-तीस ब्लॉक केल्या की पान माणसात येतं. पूर्ण सर्व्हरही ब्लॉक करता येतो, पण त्यातली एक गोम: 0.19 च्या आवृत्त्यांत त्याने त्या सर्व्हरवरच्या कम्युनिटी लपतात, तिथल्या लोकांच्या इतरत्र केलेल्या कमेंट मात्र दिसत राहतात. नकोसा माणूस स्वतंत्रपणेच ब्लॉक करावा लागतो.

मोबाइलसाठी व्हॉयेजर आणि थंडर अँड्रॉइड व आयफोन दोन्हींवर चालतात. जर्बोआ फक्त अँड्रॉइडवर, एमलेम आयफोनवर. ॲपमध्ये लॉगिन करताना आधी सर्व्हरचं नाव द्यावं लागतं, नाहीतर बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

टप्पा 6: लिहायला लागा, पण काय उघडं राहतं ते समजून

मार्कडाउन, म्हणजे मजकूर सजवायच्या खुणा, बरंचसं रेडिटसारखंच आहे, दोन फरक सोडून. स्पॉयलरची (टिचकी मारेपर्यंत मजकूर लपवायची) रेडिटची खूण इथे चालत नाही. नव्या ओळीवर तीन अपूर्णविराम (:::), मग स्पॉयलर हा शब्द रोमन लिपीत, मग शीर्षक लिहायचं. खालच्या ओळींवर लपवायचा मजकूर आणि शेवटी पुन्हा एका ओळीवर तीन अपूर्णविराम. दुसरं, एकेरी ~ चिन्हांमधला मजकूर खाली उतरलेल्या बारीक अक्षरांत दिसतो. 'अंदाजे' या अर्थाने ते चिन्ह वापरणाऱ्यांची वाक्यं त्यामुळे विचित्र दिसतात.

गोपनीयतेबद्दल स्पष्ट राहा. खासगी संदेश एन्क्रिप्टेड नसतात. पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या, दोन्ही सर्व्हरचे ॲडमिन ते डेटाबेसमध्ये वाचू शकतात. तुमचं प्रत्येक मत इतर सर्व्हरकडे नावासकट जातं, म्हणजे मतदानही गुप्त नाही. पोस्ट काढली की काढल्याची सूचना सगळीकडे जाते, पण एखादा सर्व्हर तेव्हा बंद असेल किंवा ती पाळत नसेल तर त्याच्याकडची प्रत राहते. ओळख पटवणारा तपशील म्हणूनच आधीच गाळा.

इथे रेडिटसारखा एकूण कर्माचा (मिळालेल्या मतांच्या बेरजेचा) आकडा मिरवायला नसतो. त्याचा फायदा घ्या. छोट्या कम्युनिटीत दोन ओळींचं उपयोगी उत्तरही दिवसभर वर राहतं, आणि नव्या माणसाला टिकवतं ते तेच.

टप्पा 7: पूर्ण कम्युनिटी हलवत असाल तर

हा टप्पा फक्त मॉडरेटरांसाठी.

कम्युनिटीचं मूळ नाव आणि सर्व्हर नंतर बदलता येत नाही, म्हणून टप्पा 2 च्या कसोट्या इथे दुप्पट कडकपणे लावा. काही सर्व्हरवर कम्युनिटी फक्त ॲडमिनच उघडतात. आधी विचारा. किमान दोन मॉडरेटर हवेत. त्यातल्या एकाचं अकाउंट कम्युनिटीच्याच सर्व्हरवर असू द्या आणि एकाचं दुसरीकडे, म्हणजे एक सर्व्हर अडखळला तरी दार उघडं राहतं.

नियम, विकी (कम्युनिटीची माहितीपानं) आणि ऑटोमॉडरेटरची (नियमांनुसार पोस्ट आपोआप तपासणारं रेडिटचं साधन) मांडणी मजकूर म्हणून उतरवून घ्या. लेमीवर ऑटोमॉडरेटर आणि विकी तयार मिळत नाहीत. विकीतलं महत्त्वाचं बाजूच्या पट्टीत किंवा पिन केलेल्या पोस्टमध्ये मांडा. काढलेल्या पोस्टची नोंद मॉडलॉगमध्ये (मॉडरेटरांच्या कारवायांच्या यादीत) सगळ्यांना दिसते, म्हणून प्रत्येक कारवाईला कारण लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

लोकांना बोलावण्याआधी कम्युनिटीत 15-20 खऱ्या पोस्ट असू द्या. रिकाम्या खोलीत आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही.

सावधान: जुन्या जागेच्या पोस्ट बॉटने इकडे ओतू नका. मूळ लेखक इथे नसतो, प्रश्नांना उत्तर मिळत नाही, लोक अख्खी कम्युनिटी ब्लॉक करतात आणि काही सर्व्हर अशा बॉटना हाकलतात. त्याऐवजी सर्वांत उपयोगी दहा-बारा उत्तरं त्यांच्या लेखकांची परवानगी घेऊन नव्याने मांडा.

जुनी कम्युनिटी खासगी करून लोकांना ढकलायचा बेतही सोडा. 2024 च्या शरदापासून रेडिटवर कम्युनिटीचा प्रकार बदलायला कंपनीची मंजुरी लागते. जुन्या जागी पिन केलेली सूचना आणि बाजूच्या पट्टीत नवा पूर्ण पत्ता एवढं पुरेसं आहे.

टप्पा 8: महिना-दीड महिन्यानंतर जुनं अकाउंट

आधी जुन्या प्रोफाइलवर तुमचा नवा पूर्ण पत्ता लिहा आणि नव्या प्रोफाइलवर जुनं नाव. तुमचंच युजरनेम दुसऱ्या सर्व्हरवर कोणीही घेऊ शकतं, त्यामुळे खरं कोण हे दाखवणारा एवढाच पुरावा असतो. तो पंधरा दिवस तरी राहू द्या.

अकाउंट डिलीट केल्याने जुन्या पोस्ट आणि कमेंट पुसल्या जात नाहीत. फक्त नाव जातं, मजकूर राहतो, आणि तो काढायचा अधिकार मात्र तुमच्या हातून कायमचा जातो. म्हणून काय काढायचं ते अकाउंट असतानाच काढा. आपोआप पुसणारी साधनं प्रोफाइलची यादी वाचत असतील तर तीही त्या 1000 च्या मर्यादेत अडकतात. टप्पा 1 मधली कमेंटची सीएसव्ही वाचून आयडीप्रमाणे काढणारं साधन घ्या.

सगळंच पुसायची घाई मात्र करू नका. वर्षानुवर्षं लोकांच्या अडचणी सोडवणारी उत्तरं तिथे शोधातून सापडत असतात. वैयक्तिक तपशील असलेला मजकूर जरूर काढा. उपयोगी उत्तरं राहू द्या, किंवा काढायचीच असतील तर आधी नव्या जागी नीट मांडा.

प्रीमियम वर्गणी असेल तर ती आधी वेगळी रद्द करा. मग अकाउंट बंद करा. ते युजरनेम पुन्हा कोणालाच मिळत नाही, तुम्हालाही नाही.

शेवटी लेमीच्या सेटिंगमध्ये जाऊन एक्स्पोर्ट करा. मिळणाऱ्या फाइलीत तुमच्या कम्युनिटी, ब्लॉक यादी, सेव्ह केलेल्या पोस्टचे दुवे आणि सेटिंग असतात. पोस्ट आणि कमेंट नसतात. तुमचा सर्व्हर उद्या बंद झाला तर दुसरीकडे अकाउंट उघडून हीच फाइल इंपोर्ट करायची असते, आणि सगळ्या कम्युनिटी जोडल्या जायला थोडा वेळ जातो. सर्व्हर बंद पडल्यावर ही फाइल मिळत नाही, म्हणून दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेची आठवण फोनमध्ये आत्ताच लावा.